शिकारी समुद्री मासे : आहार आणि आजार (अनुभव धागा)

धागाकर्ता, दांडिया बाजार, वडोदरा

गेल्या पावसाळ्यात माझा लायनफिश (विषारी काट्यांचा, पंख्यासारखे पर असलेला शिकारी समुद्री मासा) गेला. साडेतीन वर्षे तो माझ्याकडे होता आणि शेवटचे दहा दिवस सोडले तर रोज तुटून पडून खात होता, त्यामुळे तो आजारी असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही. मासा खातो आहे म्हणजे ठीक आहे, ही माझी समजूत होती आणि तीच मला महागात पडली.

आमच्या घरात मासे शिजत नाहीत. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायला आईने परवानगी दिली ती एकाच अटीवर, की कच्ची मासळी फ्रिजमध्ये येणार नाही. मी ती अट पाळली आणि त्यावर सोपा उपाय शोधला. कामावरून परत येताना दुकानातून छोटे गोल्डफिश पिशवीत घेऊन यायचे आणि रोज तीन-चार टाकीत सोडायचे. पंख पसरून, माशाला कोपऱ्यात घेऊन तो ज्या झटक्याने गिळायचा, ते पाहायला शेजारची मुले येत असत. पोट गोल झाले तेव्हा आम्हाला ते अंगी लागल्याचे लक्षण वाटले. नंतर तो खाणे टाकून पंपाच्या प्रवाहाजवळ तिरपा लटकून राहू लागला, श्वास जलद झाला आणि अकराव्या दिवशी सकाळी तो तळाशी पडलेला दिसला.

माझा एक मित्र पशुवैद्य आहे. त्याने गच्चीवर वर्तमानपत्र पसरून, विषारी काटे आधी कापून, मासा उघडला. यकृताचा रंग तांबूस तपकिरी असायला हवा, तो पिवळट सायीसारखा होता. यकृताने अर्धे पोट व्यापले होते आणि हातमोज्यांवर तेल उतरत होते. त्याचा लहानसा तुकडा त्याने पाण्याच्या वाटीत टाकला, तेव्हा तो बुडला नाही, वर तरंगत राहिला. मित्र म्हणाला, ‘‘हा उपाशी मेलेला नाही रे, ह्याला खायला घालून घालून मारलंय.’’

त्यानंतर मी जे वाचले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो. समुद्रातल्या शिकारी माशाला लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले, म्हणजे ईपीए आणि डीएचए, भक्ष्यातूनच मिळतात. ती पुरेशी तयार करण्याची क्षमता त्याच्या शरीरात नसते, कारण समुद्रात त्याला तशी गरजच पडलेली नाही. गोड्या पाण्यात वाढवलेल्या गोल्डफिशमध्ये चरबी असते, पण ती ह्या माशाला हवी ती नव्हे. शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करते. ह्या सगळ्यावर कडी म्हणजे प्रमाण. लायनफिशचे जठर एका जेवणात कित्येक पट फुगू शकते, कारण निसर्गात त्याला पुढचे भक्ष्य कधी मिळेल ह्याचा भरवसा नसतो. माझ्या टाकीत ते रोज सायंकाळी सातला मिळत होते. अटलांटिक महासागरात परके म्हणून पसरलेल्या लायनफिशच्या पोटांतही चरबीचे थर आणि बिघडलेली यकृते आढळलेली आहेत. तिथे त्यांना भक्ष्याची ददात नाही, एवढेच कारण.

आपल्याकडे ग्रुपर, मोरे ईल, ट्रिगर, पफर, लायनफिश असे मासे असतील किंवा होऊन गेले असतील, तर कृपया लिहावे. काय खाऊ घालत होता, किती दिवसांनी, आधी काय बदल दिसला आणि पुढे काय केले, हे जसे पाहिले तसे सांगावे. मासा वाचला नसेल तरीही लिहावे.

रावपुरा, वडोदरा

तुमच्या आईंची अट वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या, फक्त आमच्याकडे प्रकार उलटा आहे. आम्ही सीकेपी, घरात आठवड्यातून दोनदा मासळी येतेच, त्यामुळे माझ्या मुलाच्या स्नोफ्लेक ईलला (मोरे ईलचाच एक प्रकार, सापासारखा लांब मासा) कधी काही कमी पडेल असे मला वाटले नव्हते. हा मासा मुख्यतः खेकडे आणि कोळंबी खाणारा. तेव्हा आमच्यासाठी कोळंबी आणून सोलली की दोन-चार त्याच्यासाठी बाजूला काढायच्या, असा क्रम सुमारे सव्वा वर्ष चालला. कोळंबीशिवाय दुसरे काही तो खात नसे आणि आम्हीही आग्रह केला नाही.

एक दिवस मुलाने चिमट्यात कोळंबी धरली, तर ईलने झडप घातली ती चार बोटे बाजूला. आधी आम्हाला वाटले, वय झाले, दिसत नसेल. पुढच्या आठवड्यात तो पोहताना मधेच अंगाला पीळ देऊ लागला आणि एकदा तर पोट वर करून, तोंड उघडे ठेवून, मिनिटभर थरथरत राहिला. त्या रात्री मी पंख्याखाली टाकीसमोरच बसून होते.

डॉक्टरांनी खाण्याची सगळी माहिती विचारली आणि ब-१ च्या कमतरतेचा संशय व्यक्त केला. कच्च्या कोळंबीत काही प्रमाणात थायमिनेज असू शकते, हे तेव्हा कळले. पण मला दुसरीच गोष्ट खटकली, कारण ती मी रोज डोळ्यांनी पाहत होते. ताजी कोळंबी न सोलता ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिचे डोके आणि पाठीची कड काळी पडू लागते. आमच्या नेहमीच्या विक्रेत्याची कोळंबी दोन-दोन दिवस पांढरीशुभ्र राहत असे आणि मला त्याचे कौतुक वाटत असे. विचारल्यावर त्याने सरळ सांगितले की माल काळा पडू नये म्हणून वरूनच पावडरच्या पाण्यात बुडवून येतो. ती पावडर मेटाबायसल्फाइटची असते आणि सल्फाइट थायमिनचा नाश करते. माणसाच्या ताटात कोळंबीबरोबर वरण-भात, पोळी, भाजी असते; त्या ईलच्या ताटात कोळंबीशिवाय काहीच नव्हते.

उपाय म्हणून आम्ही खाणे बदलले. माकूळ, छोटे खेकडे, वेगवेगळ्या समुद्री माशांचे तुकडे आणि न सोललेली, पावडर न लावलेली कोळंबी. सील किंवा पेंग्विनसारख्या मासेखाऊ प्राण्यांना प्राणिसंग्रहालयांत दर किलो मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन देतात, हे प्रमाण डॉक्टरांनी आधाराला धरले. औषधांच्या दुकानात मिळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी बारीक करून तिचा चिमूटभर भाग तुकड्याला चीर देऊन आत भरायचा आणि लगेच खाऊ घालायचे. आधी भरून फ्रीझरमध्ये ठेवले, तर मासळीतले थायमिनेज तिथेही आपले काम करत राहते, गोठवल्याने ते मरत नाही. ते मरते शिजवल्याने. तीन आठवड्यांनी ईलची झडप परत नेमकी बसू लागली. पीळ पडणे मात्र पूर्ण जायला दोन महिने लागले. रक्त वगैरे तपासलेले नाही, त्यामुळे निदान पक्के होते असे मी म्हणणार नाही, पण थायमिन आणि खाण्यातला बदल ह्यांखेरीज आम्ही दुसरे काही केले नव्हते.

वडोदरा, फतेगंज

मी दोन वर्षे माझ्या लायनफिशला गोल्डफिशच देतो आहे आणि त्याला काहीही झालेले नाही. भीती थोडी अति वाटते.

धागाकर्ता

दादा, मीही दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा हेच म्हणत होतो. नीट सांभाळलेला लायनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो, त्या मानाने दोन वर्षे म्हणजे त्याचे तारुण्यही संपलेले नाही. यकृतात चरबी साचते ती बाहेरून दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. आपण अजून वेळेत आहात, म्हणून आग्रहाने लिहितो आहे.

कारेलीबाग, वडोदरा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचा हा अनुभव आहे. आमच्या सोसायटीत खाली पाणी होते आणि दोन दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टरवर मी फक्त टाकीतला पंप आणि हवेची मोटर चालवली. फ्रीझर त्यावर नव्हता. ग्रुपरसाठी ठेवलेले बांगड्याचे दोन किलो तुकडे पूर्ण वितळले आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले. तेव्हा घरात चिखल काढायचे काम चालू होते, त्या पिशवीकडे कोणाचे लक्ष जाणार? पुढचे दोन महिने मी तेच तुकडे घालत राहिलो.

तुकड्यांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि वितळवल्यावर जुन्या तळणीच्या तेलासारखा वास येत होता. ग्रुपर तोंडात घेऊन थुंकू लागला, मग एक दिवसाआड खाऊ लागला, रंग काळपट झाला आणि पाठीचा मांसल भाग बसला. बांगड्यासारख्या तेलकट माशातील चरबी हवेने लवकर खवट होते, आणि खवट चरबी पोटात गेली की शरीरातील ई जीवनसत्त्व तिच्याशी झुंजण्यात खर्च होते. ते संपले की शरीरातल्या चरबीलाच सूज येते. माझ्या माशाला नेमके हेच झाले होते की नाही, हे सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता. मी सगळी पिशवी फेकली, आठवडाभर त्याला उपाशी ठेवले आणि नंतर कमी तेलाच्या ताज्या माशावर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा थेंब टाकून देऊ लागलो. दिवाळीनंतर त्याने पहिल्यांदा माझ्या हाताच्या सावलीकडे झेप घेतली. आता मी आठवड्यापुरत्या छोट्या पुड्या करतो, आतली हवा दाबून काढतो, प्रत्येक पुडीवर तारीख घालतो आणि तीन महिन्यांपलीकडची पुडी वापरत नाही.

इंदूर

आमचा अनुभव दातांचा आहे, पण कारण आहारच, म्हणून लिहिते. पोर्क्युपाइन पफरचे दात चोचीसारखे जोडलेले असतात आणि आयुष्यभर वाढत राहतात. समुद्रात तो शिंपले आणि खेकडे फोडून खातो, त्यामुळे ते झिजतात. इंदुरात कवचासकट शिंपले सहज मिळत नाहीत, म्हणून आम्ही वर्षभर मऊ माशाचे तुकडे घातले. चोच एवढी वाढली की त्याला तोंड मिटता येईना. तो अन्नापाशी यायचा, तुकडा ओठांनी ढकलायचा आणि परत जायचा. आम्ही त्याला नखरे समजत होतो, हे आठवले की आजही वाईट वाटते. शेवटी पशुवैद्यांनी लवंग तेलाच्या पाण्यात त्याला गुंगी आणून चोच कापली आणि त्याच सायंकाळी तो अधाशासारखा खाऊ लागला. आता गोगलगायी आणि खेकड्याच्या नांग्या देतो. हे काम घरी नखकटरने करू नये. गुंगीचे प्रमाण थोडे चुकले तरी मासा शुद्धीवर येत नाही.

अलकापुरी, वडोदरा

माझ्या ग्रुपरच्या कल्ल्यांच्या झाकणाखाली लालसर गाठ आली होती. मी अर्बुद समजून आशा सोडली होती, परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांनी ती थायरॉइडची सूज, म्हणजे गलगंड, असावी असे सांगितले. मी मुख्यतः गोड्या पाण्यातील माशाचे तुकडे घालत असे आणि टाकीला पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी ओझोन वायूचे यंत्र लावले होते. ओझोनमुळे पाण्यातील वापरता येण्याजोगे आयोडीन कमी होते आणि वाढलेले नायट्रेट थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. माझ्याकडे तिन्ही कारणे एकत्र आली होती. ओझोन बंद केला, पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवले, समुद्री अन्न सुरू केले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून आयोडीन दिले. गाठ चार महिन्यांत अर्ध्यावर आली, पूर्ण गेली नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रावपुऱ्याच्या काकूंचे लेखन मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की मागच्या गॅलरीत लहान फ्रीझर ठेवायला हरकत नाही, स्वयंपाकघरात मात्र नको. तो गेल्या महिन्यात आला.

नवा लायनफिशही आला आहे, वीतभर लांबीचा. जिवंत भक्ष्याखेरीज कशाकडे पाहत नाही, ही तक्रार पुष्कळांची असते, म्हणून मी काय करतो ते लिहितो. सुरुवातीला काही दिवस मोली नावाचे छोटे मासे दिले, कारण मोली हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावतात, आणि देण्याआधी त्यांना स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) व समुद्री माशाचा चुरा खाऊ घातला, म्हणजे त्यांच्या पोटातले पोषण ह्याच्या पोटात जाते. नंतर पारदर्शक ॲक्रिलिक काडीच्या टोकाला माकुळाची लांबट फीत अडकवून ती प्रवाहात पोहल्यासारखी हलवू लागलो. पहिले सहा दिवस त्याने नुसते पाहिले. मी काही दिले नाही, तो उपाशी राहिला आणि मला झोप लागेना. धडधाकट मोठ्या माशाला आठ-दहा दिवसांचा उपास सोसतो हे माहीत असूनही हात जिवंत माशाच्या पिशवीकडे जात होता. सातव्या दिवशी त्याने फीत ओढली, थुंकली, आणि पुन्हा ओढून गिळली.

आता मंगळवारी आणि शनिवारी खाणे, त्याच्या डोळ्यापेक्षा मोठा तुकडा नाही, आणि पोट किंचित भरल्यासारखे दिसले की काडी बाहेर. बाकीच्या दिवशी सायंकाळी सातला तो काचेपाशी येऊन पंख पसरतो. आई त्याला म्हणते, ‘‘आज तुझा वार नाही.’’