गुरू-शनी युती: आबांच्या वहीत सातव्या घरात, ॲपमध्ये सहाव्या घरात. कोणतं धरायचं?

नमस्कार. मला ज्योतिषातलं जुजबी कळतं, म्हणजे घरं मोजता येतात आणि ग्रहांची अक्षरं वाचता येतात. पुढचं जाणकारांनी सांगावं.

पत्रिका माझ्या भाचीची. जन्म २८ मे २०००, संध्याकाळी ७.४०, रत्नागिरी. आबांनी (माझे वडील, आता नाहीत) बारशाच्या आधीच टिळक पंचांगावरून वहीत कुंडली मांडून ठेवली होती. वृश्चिक लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तेच पहिलं घर). खालच्या मधल्या घरात, म्हणजे सप्तमात, त्यांनी र, शु, मं, गु, श अशी पाच अक्षरं कोंबली आहेत. जागा पुरली नाही म्हणून श तर रेघेवरच बसलाय.

आता स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. एका मुलाकडच्यांनी वहीतल्या पानाचा फोटो त्यांच्या गुरुजींना दाखवला. "सप्तमात पाच ग्रह, त्यात गुरू-शनी एका अंशात, वर मंगळही. लग्न उशिरा करा आणि आधी शांत करा," असा निरोप आला. ताई घाबरली. मी तीच वेळ मोबाईलवरच्या ॲपमध्ये घातली, तर सप्तमात फक्त रवी, शुक्र, मंगळ. गुरू-शनी सहाव्यात मेषेला, आणि शनीपुढे "नीच" लिहिलेलं, म्हणजे त्याच्या सर्वात दुबळ्या राशीत. आमच्या गल्लीतले ज्योतिषी ॲपची प्रत बघून म्हणाले, "लग्नाचं काही नाही हो, पण नीचीचा शनी षष्ठात, तब्येत आणि कर्ज सांभाळा." त्यांचीही शांत निघालीच, फक्त वेगळी.

दशासुद्धा (आयुष्यातले ग्रहांचे कालखंड) जुळत नाहीत. ॲपमध्ये अजून बुधाची महादशा, वहीप्रमाणे ती संपून केतूची लागली.

आबांची आकडेमोड चुकली असेल असं मन मानत नाही. ते लग्न काढताना तीनदा ताळा करायचे आणि मध्ये कोणी बोललं तर परत पहिल्यापासून. मग चूक कुठे आहे?

प्रतिसाद:

चूक कुठेच नाही. आबांचं बरोबर आणि ॲपचंही बरोबर. फरक अयनांशाचा आहे, म्हणजे राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची त्याचा. ॲप चित्रापक्षाचा (लाहिरी) अयनांश घेतं, दाते पंचांगही त्याच पक्षाचं. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, तिथे आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यावरून धरतात. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक पडतो. एरवी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्या दिवशी गुरू-शनी नेमके राशीच्या सीमेवर होते: चित्रापक्षाने मेषेच्या २८ अंशांच्या पुढे, रैवताने वृषभेत तीन अंशांच्या अलीकडे. कृत्तिका नक्षत्र दोन्हीकडे तेच, रास मात्र बदलली.

नवमांशात (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) तर आणखी गंमत आहे. चित्रापक्षाने दोघेही धनू नवमांशात, म्हणजे गुरू स्वगृही (स्वतःच्या राशीत). रैवताने दोघेही मकर नवमांशात, म्हणजे गुरू नीच आणि शनी स्वगृही. आकाश एकच आणि शेरे उलटे.

दशेचंही तेच. चंद्र उत्तराभाद्रपदात, म्हणजे जन्मदशा शनीची, १९ वर्षांची. नक्षत्र १३ अंश २० कलांचं. चार अंश सरकले की भोग्य (जन्मानंतर उरलेल्या) दशेत जवळजवळ पावणेसहा वर्षांचा फरक पडतो. वही आणि ॲप यांची दशा कधीच जुळणार नाही.

आता महत्त्वाचं. अयनांश बदलला की लग्नासकट सगळं एकत्र सरकतं. ग्रहाचं लग्नबिंदूपासूनचं अंतर तेच राहतं. म्हणून भावचलित काढा, म्हणजे राशीऐवजी लग्नबिंदूपासून मोजलेली घरं. ७.४० ला लग्न वृश्चिकेच्या २२ अंशांच्या आसपास येतं, सप्तमाचा मध्य त्याच्या समोर. गुरू-शनी त्या मध्याच्या सुमारे २३ अंश मागे आहेत, भाव मध्यापासून साधारण पंधरा अंश मागे सुरू होतो. म्हणजे आबांच्या कुंडलीतही चलितात ते दोघे षष्ठातच जातात. "सप्तमात पाच ग्रह" हे फक्त राशीकुंडली बघून बोललेलं आहे.

नीच शनीचं: मेषेचा स्वामी मंगळ सप्तमात, म्हणजे केंद्रात (१, ४, ७, १० ही घरं). शनीच्या उच्च राशीचा स्वामी शुक्रही केंद्रात. नीचभंग होतो (नीचपणा रद्द होतो), गल्लीतल्या ज्योतिषांनी तो सांगायला हवा होता. मंगळ मात्र दोन्ही पद्धतींत सप्तमातच आहे, त्याचं जे काही मानता ते माना.

प्रतिसाद:

२१ डिसेंबर २०२० ला हीच युती आम्ही गच्चीवरून पाहिली, दोन ठिपके जवळजवळ चिकटलेले. २००० ची मात्र सूर्यापासून पंधरा अंशांच्या आत झाली होती, त्यामुळे कोणी फारशी पाहिलीच नाही. त्या आठवड्यात जन्मलेल्या सगळ्याच मुलांच्या पत्रिकेत ती आहे. तेवढ्या सगळ्यांची लग्नं अडली का, हे त्या गुरुजींना विचारा. माझा यावर विश्वास नाही, तरी पंचांगाचं गणित आवडतं म्हणून लिहिलं.

धागाकर्ती:

दोघांचेही आभार. आबांची चूक नव्हती, हे ताईला आधी फोन करून सांगितलं. मुलाकडच्यांना चलितासकट नवी प्रत पाठवते. शांत करायची की नाही हे भाची ठरवेल, ती आत्ताच "मला विचारलं का कोणी" म्हणून चिडली आहे.

एक शंका. दवाखान्याच्या जुन्या कार्डावर वेळ ७.२५ आहे, वहीत ७.४०. त्याने चलित बदलेल का?

प्रतिसाद:

लग्न तीन-साडेतीन अंश मागे येईल, वृश्चिकच राहील. गुरू-शनी षष्ठातच. पण कार्डावरची वेळ धरून एकदा पुन्हा मांडा, आबांनी घरचं घड्याळ पाहिलं असेल.