तीन, चार की सहा? इंजिनातील सिलिंडरांच्या मांडणीने नेमका काय फरक पडतो?

रामबागकर, इंदूर:

नमस्कार. अकरा वर्षे वापरलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी देऊन मी दोन महिन्यांपूर्वी तीन सिलिंडरची गाडी घेतली. पलासियाच्या सिग्नलला ती उभी असताना स्टिअरिंगला आणि सीटला बारीक थरथर जाणवते, जी जुन्या गाडीत जवळपास नव्हतीच. उलट महूच्या रस्त्यावर इंजिन चढ्या फेऱ्यांवर गेले, की जुन्या गाडीत पायांखाली जी घूं घूं जाणवत असे, ती या गाडीत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी विचारले तेव्हा ‘तीन सिलिंडरचे असेच असते’ एवढेच उत्तर मिळाले. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणतो, की सिलिंडर वाढले की थरथर कमी होते आणि ‘व्ही’ रचना (इंग्रजी V सारख्या तिरक्या दोन ओळींत बसवलेले सिलिंडर) सरळ ओळीपेक्षा नेहमीच वरचढ असते. माझे समाधान झालेले नाही, कारण प्रश्न केवळ संख्येचा असता तर नवी गाडी सगळ्याच वेगांवर जास्त थरथरली असती. सिलिंडर कसे मांडले आहेत यावर काय काय अवलंबून असते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पीथमपूर जुळणी विभाग:

रामबागकर, आपले निरीक्षण अचूक आहे. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे इंजिनांच्या जुळणीवर काढली, त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

इंजिनाची थरथर दोन निरनिराळ्या कारणांनी होते आणि ती एकत्र मिसळली, की गोंधळ होतो. पहिले कारण म्हणजे ठोक्यांमधले अंतर. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीतून फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटते; त्यालाच येथे ठोका म्हटले आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) चार सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला सुमारे २७ ठोके बसतात, तीनच्या इंजिनाला २०, तर सहाच्या इंजिनाला ४०. ठोके जितके विरळ, तितके ते शोषून घेणे इंजिन ज्यावर बसते त्या रबरी फाउंडेशनला अवघड जाते. सिग्नलवर आपल्या हाताला जाणवते ते मुख्यतः हेच.

दुसरे कारण पिस्टनच्या वर-खाली धावण्याचे आहे, आणि मांडणीचा खरा संबंध तेथे येतो. चार सिलिंडर एका ओळीत असतात तेव्हा कडेचे दोन पिस्टन वर जाताना मधले दोन खाली येतात, त्यामुळे तोल आपोआप साधत असावा असे वाटते. परंतु पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होत असल्यामुळे तो साधत नाही. समजा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, ८० मिलिमीटर आणि रॉडची लांबी १४० मिलिमीटर आहे. वरच्या टोकापासून क्रँक पाव फेरी फिरेपर्यंत पिस्टन ४० नव्हे, तर सुमारे ४६ मिलिमीटर खाली आलेला असतो आणि पुढच्या पाव फेरीत त्याला केवळ ३४ मिलिमीटर जायचे असते. म्हणजे वरच्या टोकाजवळची त्याची चाल खालच्या टोकाजवळच्या चालीपेक्षा अधिक झटक्याची असते, दोन्ही जोड्यांचे जोर एकमेकांना पुरते मारत नाहीत, आणि जो जोर उरतो तो क्रँकच्या दुप्पट गतीने इंजिनाला वर-खाली हलवतो. फेऱ्या दुप्पट झाल्या तर हा जोर चौपट होतो, म्हणून जुनी गाडी सिग्नलवर शांत होती आणि महूच्या रस्त्यावर गुणगुणत होती. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने क्रँकच्या दुप्पट गतीने एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन बॅलन्सर शाफ्टचा (उरलेला जोर मारणाऱ्या वजनदार दांड्यांचा) उपाय विसाव्या शतकाच्या आरंभीच सुचवला होता आणि मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनांत तो आजही वापरला जातो.

तीन सिलिंडरमध्ये क्रँकचे हात (ज्यांना रॉड जोडलेले असतात ते बाक) एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे हे वर-खाली जोर एकमेकांना पूर्ण मारतात. मात्र ते एकाच जागी लागत नसल्यामुळे इंजिनाचे एक टोक वर तर दुसरे खाली, असे डोलणे मागे राहते. आता अशी दोन तीन-सिलिंडर इंजिने आरशातील प्रतिबिंबासारखी एकमेकांना जोडली आहेत अशी कल्पना करावी. एकाचे डोलणे दुसऱ्याने रद्द होते. सरळ ओळीतले सहा सिलिंडरचे इंजिन म्हणजे हेच, आणि माझ्या मते याहून देखणा तोल दुसऱ्या कोणत्याही साध्या रचनेत नाही.

भाच्याचे म्हणणे येथेच अडते. व्ही-सिक्स म्हणजे तीन-तीनच्या दोन ओळी, आणि प्रत्येक ओळीचे डोलणे तिच्यात बऱ्याच अंशी शिल्लक राहते. ती रचना निवडतात ती लांबी वाचवण्यासाठी, कारण पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवे बसते, त्याच्या शेजारी गिअरबॉक्सही लागतो आणि तेवढ्या रुंदीत सरळ सहा बसवणे फार कठीण होते. आपल्याकडे तीन सिलिंडर नवे नाहीत, हेही येथे नमूद करतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचेच होते.

कालाकुंड घाट:

माझी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये झाली. सरळ ओळ आणि ‘व्ही’ यांतला फरक पाहायला इंदूरकरांना फार लांब जावे लागत नाही. पाताळपाणी-कालाकुंडच्या मीटरगेज घाटात चाललेले वायडीएम-४ आणि ब्रॉडगेजवर अनेक दशके राबलेले डब्ल्यूडीएम-२, या दोन्ही रेल्वे इंजिनांत अल्को या अमेरिकन कंपनीच्या २५१ मालिकेचेच डिझेल इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ९ इंच आणि स्ट्रोक साडेदहा इंच, हे मापही तेच. फरक एवढाच, की वायडीएम-४ मध्ये सहा सिलिंडर एका ओळीत आहेत, तर २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये आठ-आठच्या दोन ओळींत सोळा.

ते सोळा सिलिंडर एका ओळीत ठेवले असते, तर केवळ जागेचीच अडचण झाली नसती. प्रत्येक ठोक्याला क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि सुटतो, आणि शाफ्ट जितका लांब तितकी ही पिळवट कमी फेऱ्यांवरच धोकादायक रूप घेते. शाफ्टला तडा जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ‘व्ही’ रचनेत समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर (क्रँकपिनवर) बसतात, त्यामुळे सोळा सिलिंडरांना आठ पिना पुरतात आणि शाफ्ट आखूड व ताठ राहतो. काम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मला सरळ सहाच आवडे, कारण त्याला हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणांची, एकच रांग असते आणि दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने हात पोचतो.

दुचाकी, सुदामानगर:

एक मुद्दा जोडतो. सिलिंडर तेवढेच आणि तसेच ठेवून केवळ क्रँकचे हात फिरवले, तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. रॉयल एनफिल्डच्या ६४८ सीसीच्या इंजिनात दोन सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत, परंतु क्रँकचे हात २७० अंशांवर असल्यामुळे ठोके २७० आणि ४५० अंशांच्या असमान अंतराने पडतात. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्येही हेच अंतर असते, म्हणून आवाज तिच्या जवळचा वाटतो. जुन्या ब्रिटिश जोड-सिलिंडर मोटारसायकलींत दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होत; ठोके समान अंतराने पडत, पण हादरे मोठ्या एक-सिलिंडर इंजिनासारखे बसत.

रामबागकर, इंदूर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. महूच्या रस्त्याचे कोडे सुटले. बॉक्सर इंजिन या हिशेबात कोठे बसते? आणि माझ्या गाडीची थरथर स्वाभाविक आहे की दोषामुळे, हे घरी ओळखता येईल का?

पीथमपूर जुळणी विभाग:

बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे, समोरासमोर असतात आणि समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात, त्यामुळे त्यांचे जोर थेट एकमेकांना मारतात. दोन्ही पिस्टन अगदी एका रेषेत नसल्यामुळे थोडी पिळवट उरते, एवढेच. फोक्सवॅगनची जुनी बीटल, पोर्शे ९११ आणि १९२३ पासूनच्या अनेक बीएमडब्ल्यू मोटारसायकली ही त्याची उदाहरणे आहेत. परंतु रुंदी फार लागते, हेड दोन करावे लागतात आणि स्पार्क प्लग बदलणेही जिकिरीचे होते.

आपल्या गाडीबद्दल सांगायचे, तर इंजिन पूर्ण तापल्यावर न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून फेऱ्या १,१०० च्या आसपास न्याव्यात. थरथर सम लयीची असेल आणि एवढ्यानेच जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती विरळ ठोक्यांची आहे. मधूनच ठोका चुकल्यासारखा झटका येत असेल तर प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तपासून घ्यावी, आणि गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर फाउंडेशन पाहण्यास सांगावे.