दुबई, सिंगापूर की एस्टोनिया? ऑफिस कुठं काढावं

उद्यमबागवाला: मंडळी, आमचं बेळगावच्या उद्यमबागात मशीनशॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतो. आता बाहेर डायरेक्ट माल विकायचा विचार करूलोय, एक छोटी कंपनी तिकडंच काढावी म्हणतो, बायको-पोरांना घेऊन राहायचं पण डोक्यात आहे. कुठं बरं पडेल?

खानापूरकर: मी दुबईत आहे भावा. पगारावर इनकम टॅक्स नाही हे खरं, पण २०२३ पासून कंपनीला ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के टॅक्स आहे, हे एजंट लोक सांगतच नाहीत. शाळेची फी आणि घरभाडं आधी विचारून घे, पगारातलं निम्मं तिथंच जातंय, उन्हाळ्यात पोरं दुपारी खाली खेळायला पण जाऊ शकत नाहीत. भारताशी २०२२ पासून व्यापार करार आहे, ड्यूटीत फायदा होतो बघ.

निपाणीची ताई: सिंगापूरला कंपनीच्या नफ्यावर १७ टक्के टॅक्स, आणि एक डायरेक्टर तिथलाच रहिवासी लागतो. कारभार मात्र एकदम स्वच्छ, कामं वेळेत होतात. एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी म्हणजे ऑनलाइन कंपनी चालवायचं सरकारी डिजिटल ओळखपत्र, त्याचा अर्ज घरबसल्या करता येतो, कार्ड मात्र स्वतः जाऊन घ्यावं लागतं, नफा कंपनीतच ठेवला तर टॅक्स नाही, पण दादा त्या कार्डावर तिथं राहायला मिळत नाही हां. आणि बेळगावात बसून सगळे निर्णय तुम्हीच घेतलात तर आपलं इनकम टॅक्स खातं त्या कंपनीला भारतातलीच धरू शकतं, म्हणून आधी सीएला भेटा.

उद्यमबागवाला: हे कुणी सांगितलंच नव्हतं ताई, लई उपकार. उद्याच सीएकडं जातो.