तातडीने मदत हवी: जेएमएफसीसाठी तीन वर्षांचा दाखला कोणाकडून घ्यायचा?

सनदधारक_22
जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी करतोय. 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. माझी सनद (वकिलीचा परवाना) 2022 ची, वर्षं भरतात. दाखला कोणाचा लागतो एवढंच सांगा. क्लासमध्ये रोज नवीन ऐकायला मिळतं. प्लीज लवकर.

जुना_बोर्ड
किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला, त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. मोजणी तात्पुरत्या सनदेपासून, एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा) पास झाल्यापासून नाही. पण तुम्ही उभे कोणत्या कोर्टात राहता? सिनियर किती वर्षांचे आहेत?

अभ्यासू
माझं ऐका, एलएलएम करून नेट द्या. प्राध्यापकीत स्थैर्य आहे, मी तेच केलं.

जुना_बोर्ड
अहो, त्यांनी ते विचारलेलं नाही.

सनदधारक_22
सिनियर नाहीत. एका कंपनीच्या लीगल विभागात आहे. करारनामे तपासतो, नोटिसांची उत्तरं लिहितो. काम कायद्याचंच आहे ना?

ॲड_मीरा
पूर्णवेळ पगारी नोकरी? पीएफ कापला जातो? सनद स्थगित केलीत का?

सनदधारक_22
हो, हो, नाही. एचआरवाले म्हणाले सनद राहू दे.

ॲड_मीरा
दादा, हे आधी सांगायला हवं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 49 वा नियम वाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. हा काळ वकिलीचा म्हणून दाखवू नका.

तारीख_पे_तारीख
एवढं घाबरवू नका. ओळखीच्या वकिलाच्या चार वकीलपत्रांवर नाव घालून घ्या. सगळे करतात.

ॲड_मीरा
सगळे करत नाहीत. मी तीन वर्षं रोज अकराला कोर्टात उभी राहिले आहे. पहिल्यांदा रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, माझ्या नावापुढे ‘आरोपीतर्फे हजर’ आलं, तेव्हा त्या पानाची नक्कल काढून घरी नेली होती. न्यायाधीश व्हायला निघालेल्या माणसाला खोटा दाखला घ्यायला सांगताय? उद्या हाच माणूस दुसऱ्याचं शपथपत्र खरं की खोटं ठरवणार आहे.

तारीख_पे_तारीख
ज्युनिअरला पोटापुरतं तरी मिळतं का? माझ्या सिनियरने आठ महिने फक्त बसभाडं दिलं.

जुना_बोर्ड
ते दुखणं खरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला दरमहा शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून सनदधारक, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, मगच राजीनामा द्या. सिनियर निवडताना फौजदारी आणि दिवाणी दोन्ही कामं असलेला बघा. आणि सनदेचं बार कौन्सिलला लगेच लेखी कळवा.

सनदधारक_22
म्हणजे तीन वर्षं शून्यापासून? नोकरीला लागण्याआधी पाच महिने एका वकिलांकडे जात होतो, तेवढे तरी धरतील?

ॲड_मीरा
त्या पाच महिन्यांतल्या एखाद्या प्रकरणात तुमची हजेरी लागली आहे का? केस नंबर आठवत असतील तर कोर्टांच्या ई-कोर्ट वेबसाइटवर आजच शोधा. आणि एक, न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्याच निकालाने तीन वर्षांत धरलं आहे. पगाराची अडचण असेल तर लॉ क्लार्क भरतीची जाहिरातही बघत राहा.

सनदधारक_22
दोन केस नंबर डायरीत सापडले. बघतो आणि लिहितो.