मागच्या चाकांवर चालणारी पिकअप फोर-बाय-फोर करावी का?

रानवाट
माझी पिकअप १४ वर्षांची. इंजिन मी स्वतः खोलून बांधलंय, चासीला गंजाचा ठिपका नाही. फक्त मागची चाकं ओढतात. परवा ओल्या गवताच्या चढावर हौदा रिकामा असताना अडकली. डावं चाक गरागरा फिरत राहिलं, गवत सोलून खालची माती वर आली. उजवं जागचं हललं नाही. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली.

तेव्हापासून मनात आहे की ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी), पुढचा डिफ (तो जोर डाव्या-उजव्या चाकाला वाटणारे गिअर) आणि पुढचे एक्सल बसवून हिलाच फोर-बाय-फोर करायची, म्हणजे चारही चाकं ओढतील अशी. ज्याला विचारावं तो म्हणतो, "विकून टाक, तयार घे." नस न् नस माहीत असलेली गाडी देऊन अनोळखी का घ्यायची? आणि हे कुणी केलंच नाही असंही नाही. अमेरिकेतली मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५ पासून फोर्डचे ट्रक असेच बदलून देत होती. नॅपको कंपनीची फोर-बाय-फोर करायची किट शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपना बसायची, पुढे १९५६-५७ च्या सुमारास ती थेट कारखान्यातूनच बसवून मिळू लागली. तेव्हा जमलं, तर आज का नाही?

चौदाचा पाना
जमेल, पण नॅपकोचा दाखला तुमच्या गाडीला लागत नाही. त्या पिकअपना पुढे सरळ आडवा एक्सल होता, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. तो काढायचा आणि त्याच जागी चालता, म्हणजे चाकं ओढणारा, एक्सल टाकायचा. तुमच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असणार, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. चाक काढा आणि नीट बघा. स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) भरीव दिसेल, म्हणजे चाक ओढणारा शाफ्ट आरपार जायला भोकच नाही. कॉइल स्प्रिंग दोन आर्मच्या मधोमध उभी असेल, आणि शाफ्ट नेमका तिथूनच जायला हवा. म्हणून बऱ्याच फोर-बाय-फोरना तिथे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, असतात. म्हणजे नकल (चाक वळवणारा सांधा), हब, आर्म, स्प्रिंग सगळं बदललं. मग इंजिनाखाली बघा. पुढचा डिफ जिथे यायला हवा तिथे ऑइल चेंबर आणि क्रॉस मेंबर (चासीचा आडवा बार) बसलेत.

मागे गिअरबॉक्स. टू-व्हीलच्या, म्हणजे दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीच्या, बॉक्सला लांब शेपटीचं हाउसिंग आणि लांब आउटपुट शाफ्ट असतो. ट्रान्सफर केस त्याला तशीच लागत नाही. शाफ्ट बदलायला बॉक्स पूर्ण उघडावा लागतो, नाहीतर फोर-बाय-फोरचा बॉक्सच आणावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे केस वेगळी टांगायची आणि मध्ये छोटा शाफ्ट द्यायचा. तरी मागचा प्रोपेलर (मागच्या डिफपर्यंत जोर नेणारा लांब शाफ्ट) कापून, बॅलन्स करून आखूड करावा लागतोच. आखूड झाला की त्याचा कोन वाढतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन जुळले नाहीत तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते.

माझ्या हातून अशा दोन गाड्या पूर्ण झाल्या. तिसरी अजून स्टँडवर उभी आहे, तिचा मालक आता फोनही करत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, विका आणि तयार घ्या.

खडूची खूण
करणार असाल तर पुढचं आणि मागचं क्राउन-पिनियन (डिफमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) एकाच रेशोचं हवं. मागे ४१ ला ११ दात, म्हणजे ३.७३, आणि पुढे ४१ ला १०, म्हणजे ४.१० असं बसलं, तर फोर-व्हील टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. मोकळ्या मातीत चाकं थोडी घसरून ताण सोडतात. कडक जमिनीवर तो ताण सुटत नाही, आणि मग शाफ्ट किंवा केसची चेन जाते.

मोजायला डिफ उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवायला दगड) लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, प्रोपेलर शाफ्टला खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जितके फेरे होतील तो तुमचा रेशो. स्क्रॅपमधून पुढचा एक्सल आणताना त्याचाही असाच मोजा, विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका.

ओली माती
रानवाट, तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. एक चाक फिरत होतं, दुसरं उभं होतं. तुमच्या गाडीला साधा डिफ आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. ओल्या गवतावरच्या चाकाला फिरायला जेमतेम जोर पुरतो, मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. मागच्या डिफला लॉकर बसवा. दोन्ही चाकं एकत्र फिरतील, आणि गाडीला कुठेही कापाकापी नाही.

शिवाय हौदा रिकामा होता. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं आणि ओढणारी चाकं मागे. एक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती घट्ट बांधून ठेवा. चढाआधी टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर लांब पसरून जमीन धरतो. वर पोचल्यावर हवा भरायला पंप मात्र सोबत हवा. मी दोनच चाकं ओढणारी गाडी चालवते, लॉकर आणि विंचवर (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र). वर्षानुवर्षं अडलेलं नाही.

उतारवाट
ताई, तुमचं चढापुरतं खरं आहे. आडव्या उतारावर मागची दोन्ही लॉक केलेली चाकं एकदम घसरली की गाडीचं शेपूट खाली सरकतं. हे मी स्टिअरिंग धरून अनुभवलंय, परत नको. पुढची चाकं ओढत असली की नाक तरी जिथे वळवलंय तिकडे जातं.

आणि लो रेंजबद्दल, म्हणजे ट्रान्सफर केसमधल्या जास्त हळू आणि जास्त जोराच्या गिअरबद्दल, कुणीच बोलत नाही! माझ्या मते फोर-बाय-फोरचं अर्धं मोल तिथेच आहे. पहिला गिअर ४ चा, डिफ ३.७३ चा, तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन साधारण १५ फेरे फिरतं. २.७२ ची लो रेंज टाकली की ४०. दगडांच्या उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी पावलापावलाने उतरते. हे लॉकर देत नाही, विंचही देत नाही.

माझं मत, कराच. फक्त सुटे भाग गोळा करत बसू नका. त्याच मॉडेलची, बॉडी चेपलेली पण खालून धड फोर-बाय-फोर अख्खी घ्या. ब्रॅकेट, बोल्ट, वायरिंग, स्पीडोमीटरचा सेन्सर, सगळं तिच्यातच मिळतं. कामं अडतात ती या बारीक वस्तूंवर.

चौदाचा पाना
लो रेंजचं मान्य. पण अख्खी गाडी आणणारच, तर उलटं करा. तिच्या चासीवर रानवाटांचं इंजिन आणि केबिन चढवा. कापाकापी सगळ्यात कमी. मात्र कागदावर चासी नंबर कुठला राहणार, हे नोंदणीवाल्यांना आणि विमावाल्यांना पहिला बोल्ट सोडण्याआधी विचारा.

रानवाट
काल दिवसभर गाडीखाली होतो. पाना म्हणतात ते शब्दशः खरं निघालं. स्पिंडल भरीव आहे, स्प्रिंग मधोमध आहे, आणि चेंबर व क्रॉस मेंबरच्या मध्ये माझा पंजा आडवा जाईना. तिथे डिफ कुठून बसणार? खडूने मोजलं, मागे चार फेरे पूर्ण होऊन वर अगदी थोडं, म्हणजे ४.१० धरतो.

पुढचं कापून डिफ बसवायचा विचार सोडला. गाडी विकणार नाही. आधी लॉकर आणि टायर करतो, आणि चेपलेली फोर-बाय-फोर शोधत राहतो. मिळाली तर चासी बदलीन.

उतारवाट
मग लॉकर घेण्याआधी एक बघा. काही डिफमध्ये रेशो बदलला की क्राउन बसतो तो कॅरिअरही बदलतो, आणि लॉकर त्या कॅरिअरच्याच जागी येतो. उद्या आणलेली चासी ३.७३ ची निघाली, तर आज ४.१० साठी घेतलेला लॉकर तिच्यात लागेलच असं नाही. चासी मिळायची शक्यता वर्षभरातली असेल तर थांबा. तोवर टायर आणि वाळूची पोती.