'कोणीतरी बघून घ्या' : तुमच्याकडे हे काम नेमकं कुणाचं असतं?

सांजवेळ
आज ऑफिसच्या ग्रुपवर 'कोणीतरी प्लीज बघून घ्या' असा मेसेज आला, खाली नुसते अंगठे, आणि जुनी कंपनी आठवली. ई-टेंडर भरायचं होतं. बयाणा अकाउंट्सने भरला, दर साहेबांनी ठरवले, कागद मी स्कॅन केले. दुपारी 3 ला पोर्टल बंद झाल्यावर कळलं की शेवटचं सबमिट कुणीच केलं नाही. ते कुणी करायचं हे ठरलंच नव्हतं. बोलणी मात्र सगळ्यात ज्युनिअर मुलाने खाल्ली. फार वाईट वाटलं होतं. आता मी प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहून घेते. मदतीला दहा जण असोत, जाब एकाने द्यायचा. तुमचे अनुभव लिहा ना.

कोकणकडा
टेंडर सबमिट करायला लागणाऱ्या डीएससीची (डिजिटल सहीची) मुदतही आधीच बघत जा. आमची ऐन वेळी संपलेली निघाली.

ओटीसिस्टर
ड्यूटीला निघालेय, पटकन लिहिते. ऑपरेशनसाठी डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) 2008 ची चेकलिस्ट आहे, 19 मुद्दे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) नेण्याआधी मोठ्याने वाचायची. पण खरी कसोटी मॉप, म्हणजे पोटात रक्त टिपायला वापरतात ती कापडं, मोजताना. स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हाताशी असते ती) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान देते ती) दोघी मिळून मोजतात, आकडा फळ्यावर. एकदा एक कमी भरला. सर म्हणाले, शिवायला घेतो. आमच्या सीनिअर म्हणाल्या, "नाही सर, काउंट माझा आहे." सर थांबले. मॉप बादलीत तळाशी चिकटलेला मिळाला.

मृद्गंध
बापरे, काटा आला अंगावर. त्या सिस्टरना नमस्कार. पुढच्या आठवड्यात आईचं ऑपरेशन आहे हो, पोटाचंच.

लाइनमनचीलेक
बाबा विजेच्या लाइनवर कामाला असायचे. लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट ज्याच्या नावावर, त्याने स्वतः परत केल्याशिवाय सबस्टेशनमधून लाइन चालू होत नाही, खांबावर कुणीही चढलेलं असो. पावसात गावभरचे फोन यायचे, "लाइट कधी?" ऑपरेटरकाका कुणाचंच ऐकायचे नाहीत, सरपंचांचंसुद्धा. म्हणून बाबा धडधाकट घरी यायचे.

कोकणकडा
आमच्या सोसायटीत पंपाचं असंच चाललंय. सेक्रेटरी म्हणतात वॉचमन बघतो, वॉचमन म्हणतो सेक्रेटरी. टाकी रोज वाहते.

सांजवेळ
वॉटर लेव्हल कंट्रोलर बसवून घ्या. पण बसवायचं कुणी ते आधी मीटिंगमध्ये लिहून घ्या 😀

ओटीसिस्टर
@मृद्गंध, घाबरू नका. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना आजच विचारा, मनाने बंद करू नका.