देवदाराची हिरवी तोड पुन्हा सुरू करावी का?

गिरिपर्ण: उत्तराखंडच्या डोंगरात १००० मीटरच्या वर व्यापारासाठी हिरवी झाडं तोडायला १९८१ साली बंदी आली. हिमाचलातही अशी तोड बंद झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथं खैर, साल आणि चीड या झाडांची प्रायोगिक तोड मान्य केली, देवदार मात्र वगळला. मला हे चूक वाटतं. देवदाराच्या रोपाला सुरुवातीला थोडी सावली मानवते, पुढं उजेड लागतोच. वर जुन्या झाडांचं छत मिटलेलं असेल तर खाली नवी पिढी उभी राहत नाही. जोमदार बीजवृक्ष राखायचे, बाकीचे काढायचे, रोपं सावरली की बीजवृक्षही काढायचे, ही जुनी पद्धत योग्यच होती.

सूचिपर्ण: उजेडाचं पटतं, पण रोपं मरतात ती बहुतेक त्याआधीच. देवदाराच्या गळलेल्या सुयांसारख्या पानांचा न कुजलेला जाड थर असला की बी त्यावरच रुजतं. मूळ मातीला टेकण्याआधी उन्हाळ्यात थर वाळतो नि रोप करपतं. जे वाचतं त्याचा शेंडा गुरं खातात. तेव्हा आधी सुया बाजूला सारून मातीचे पट्टे उघडे करा, कुंपण घाला. त्यासाठी एकही झाड पाडावं लागत नाही. बी कमी पडलं तर बियांचे शंकू झाडावरच विस्कटण्याआधी उतरवा आणि त्याच हिवाळ्यात पेरा. बी तेलकट असतं, ठेवलं की लवकर बाद होतं.

गिरिपर्ण: कुंपणाला पैसा लाकडातूनच येईल ना? शिवाय हिमाचलातल्या पारंपरिक काठकुणी घराच्या भिंतीत दगडाच्या थरांमध्ये देवदाराच्याच तुळया लागतात. गावानं त्या आणायच्या कुठून?

रंधा: तुळई टिकते ती गाभ्याच्या लाकडामुळं. तेलामुळं त्याला वाळवी लागत नाही. सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र किडतं, आणि कोवळ्या झाडात तेच जास्त. म्हणजे भिंतीसाठी मोठं जुनं झाडच हवं, आणि बीजवृक्षही तेच! तोड उघडली तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडेल. उन्मळलेल्या देवदाराची बाहेरची कड कुजली तरी गाभा बरेचदा शाबूत असतो. गावाला आधी तो द्या.

गिरिपर्ण: उन्मळलेल्यांचं मान्य, पण तेवढ्यानं भागणार नाही.

सूचिपर्ण: मिळेल तेवढ्यातच भागवावं. आणि तेही जागेवर चिरून, खांद्यावरून. अख्खा ओंडका उतारावरून ओढला की त्याच्या चरात पावसाचं पाणी धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच घळ पडते.